वाचकांचे प्रश्न : मास्तरांच्या नावाने पैसे कोण मागतंय?

मागच्या अंकात ऑनलाइन सातबाऱ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, पण निम्म्याहून जास्त पत्रांत सातबाऱ्याचं नावही नव्हतं. ती होती खोट्या खात्यांबद्दल. मला नवल वाटलं नाही. मालवणात एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, तिथेही हल्ली हाच विषय असतो. माणूस येतो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि निघताना हळूच मोबाइल पुढे करतो, "बाय, ह्या जरा बघ गो."

खोटं खातं कसं ओळखावं याच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. मित्र कमी, फोटो एकच, शुद्धलेखनाच्या चुका, खातं नवं. याद्या चुकीच्या नाहीत, पण जुन्या झाल्या. आज फोटो तुमच्याच खात्यावरून उचललेले असतात. मराठी यंत्राकडून लिहून घेतलेलं असतं, त्यात ऱ्हस्वदीर्घाची चूकही सापडत नाही. निळी खूण तर एक्सवर २०२२ पासून आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपल्याकडे २०२३ पासून महिन्याचे पैसे भरून घेता येते. त्यामुळे मी खात्याकडे टक लावून बघत बसत नाही. ज्याच्या नावाचं खातं आहे त्याला त्या खात्याबाहेरून गाठते : जुन्या नंबरवर फोन, नाहीतर शेजाऱ्याला फोन. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझ्या नावाने आणि शाळेच्या निरोप समारंभातल्या फोटोने कोणीतरी फेसबुकवर खातं उघडलं आणि माझ्या माजी विद्यार्थ्यांकडे "रुग्णालयात आहे, तातडीने पैसे हवेत" म्हणून मागणी केली. एका विद्यार्थ्याने पंधरा हजार पाठवले. मी शोधतो तर ते खातं मला दिसत नाही. गावात तोंड दाखवायची लाज वाटते. मी माझं फेसबुक बंद करून टाकू का? (देवगड तालुका)

गुरुजी, बंद करू नका. तुमचं खरं खातं गेलं की त्या नावाचं एकच खातं उरेल, आणि ते त्या भामट्याचं असेल.

तुम्हाला ते दिसत नाही, कारण त्याने पहिलं काम केलं ते तुम्हाला ब्लॉक करण्याचं. ही नेहमीची रीत आहे. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला घरी बोलवा आणि त्याच्या फोनवर पुढचं सगळं करा. घाईने रिपोर्टचं बटण दाबू नका. खातं उडालं की पुरावाही नजरेआड होतो. आधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नाव आणि फोटो तो मिनिटात बदलू शकतो, म्हणून तक्रारीत नुसतं नाव लिहून भागत नाही, लिंकच लागते. मग स्क्रीनशॉट : प्रोफाइलचा, पैसे मागितलेल्या संभाषणाचा, त्याने दिलेल्या यूपीआय आयडीचा किंवा क्यूआर कोडचा, आणि पैसे गेल्याच्या पावतीचा.

हे झालं की रिपोर्ट. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांना हात लावला की रिपोर्टचा पर्याय येतो. तिथे लोक "स्पॅम" दाबून मोकळे होतात आणि मग काहीच झालं नाही म्हणतात. तसं करू नका. हा कोणा दुसऱ्याचं सोंग घेतोय, आणि तो दुसरा म्हणजे माझा मित्र, असा पर्याय असतो. तो निवडून तुमचं खरं खातं दाखवायचं. ज्यांचं फेसबुकवर खातंच नाही त्यांच्यासाठीही कंपनीचा वेगळा फॉर्म आहे. तिथे ओळखपत्र जोडावं लागतं. आधार जोडणार असाल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं "मास्क्ड आधार" काढून जोडा. तेही फुकट मिळतं.

कायदाही इथे तुमच्या बाजूचा आहे, पण तो कोणी सांगत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी तरतूद आली की दुसऱ्याची बतावणी करणाऱ्या मजकुराबद्दल त्या व्यक्तीने स्वतः, किंवा तिच्या वतीने कोणी, तक्रार केली तर कंपनीने तो ठरावीक मुदतीत हटवायची पावलं उचलायची. ही मुदत आधी २४ तासांची होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली. नुसत्या बटणाने काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. त्याचा पत्ता ॲपच्या मदत विभागात असतो. त्यानेही समाधान केलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. २०२३ पासून ही सोय आहे आणि तिला फी नाही. पहिल्या तक्रारीचा क्रमांक मात्र जपून ठेवा.

आता त्या पंधरा हजारांचं. हे काम खरं तर सगळ्यांत आधीचं, आणि ते तुमच्या विद्यार्थ्याने करायचं आहे. १९३० या सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करायचा, यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवायचा. तिथून बँकांना कळवलं जातं आणि पैसे पुढच्या खात्यात सापडले तर ते तिथेच अडवून धरतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. उशीर झाला असला तरी फोन करा. त्याबरोबर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. दुसऱ्या कोणाच्या नावाचं खातं वापरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि ६६-डी कलमांखाली गुन्हा आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

विद्यार्थ्याला आणखी एक विचारा : पैसे पाठवताना पडद्यावर नाव कोणाचं आलं होतं? ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपना पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवणं बंधनकारक झालं आहे. म्हणजे गुरुजींच्या नावाऐवजी तिथे भलतंच कोणीतरी झळकलं असणार. घाईत कोणी ते वाचत नाही. खरं सांगायचं तर आख्ख्या फेसबुक प्रोफाइलपेक्षा ती एक ओळ जास्त बोलते.

त्याला तुमचे विद्यार्थी सापडले कसे? तुमची मित्रांची यादी सगळ्यांना उघडी असेल, आणि तुमच्या वाढदिवसाच्या पोस्टखाली शंभरेक जणांनी "सरांना साष्टांग नमस्कार" लिहिलं असेल. भामट्याला तेवढी यादी पुरते. सेटिंगमध्ये जाऊन मित्रांची यादी "फक्त मी" करा आणि प्रोफाइलला कुलूप लावा. ही कुलपाची सोय फेसबुकने भारतात २०२० साली आणली, आणि ज्येष्ठांपैकी फार थोड्यांनी ती लावलेली मला दिसते.

लाजेबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या नावावर पंधरा हजार लगेच पाठवणारा विद्यार्थी आहे यात लाजण्यासारखं काय? लाजेने गप्प राहिलात तर उद्या दुसरा विद्यार्थी पाठवील. लेखी खुलासा टाकू नका, तो भामटाही टाकू शकतो. स्वतःच्या आवाजात, वर्गात बोलायचात तसं, दोन वाक्यं रेकॉर्ड करून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सोडा. आवाजाचीही नक्कल होते हल्ली, पण खुलासा करण्यासाठी कोणी नक्कल करत नाही. आमच्याकडचा एक खलाशी असाच वाचला. त्याला त्याच्या मास्तरांच्या नावाने मेसेज आला आणि त्याने तो दुकानात आणून दाखवला : "मास्तरांनी माका जल्मात 'डिअर' म्हणूक नाय, आज खंयसून म्हणतले?" आणि तिथूनच मास्तरांच्या घरी फोन लावला. मास्तर खळ्यात सुपारी सोलत बसले होते.

प्रश्न : आमचं देवबागला घरगुती राहण्याजेवणाचं आहे. मे महिन्यात रात्री कोल्हापूरचं एक कुटुंब सामानसुमानासकट दारात. म्हणे इन्स्टाग्रामवर बुकिंग केलं, निम्मे पैसे भरले. पान आमच्या घराच्या फोटोंचं, नंबर भलत्याचाच. लहान मुलं होती म्हणून पडवीत सोय केली, पण ते आम्हालाच चोर समजत होते. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?

वहिनी, पडवी दिलीत ते बरं केलंत. त्या कुटुंबाने परत जाऊन तुमच्याबद्दल काय लिहिलं असतं याचा विचार करा.

त्या पानाचा बंदोबस्त गुरुजींना सांगितला तसाच : लिंक, स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट. पैसे कोल्हापूरकरांचे गेले, म्हणून १९३० ला त्यांनी फोन करायचा. तुम्ही वेगळी तक्रार द्या की आमचे फोटो आणि नाव वापरलं जातंय. "आमचे कुठे पैसे गेले" म्हणून व्यावसायिक तक्रार देत नाहीत आणि तेच पान पुढच्या सुट्टीत पुन्हा चालू होतं.

तुमच्याकडे आणखी एक भोक असू शकतं, ते आजच तपासा. गूगल मॅपवर तुमचं घर शोधा आणि तिथला फोन नंबर वाचा. मॅपवरची माहिती सुधारण्याची सूचना कोणीही करू शकतो, आणि ज्या जागेवर मालकाने हक्क सांगितलेला नाही तिथे भलता नंबर घुसवणं सोपं जातं. "हा व्यवसाय तुमचा आहे का" असं तिथे विचारलेलं असतं, त्यावरून पडताळणी करून ती नोंद ताब्यात घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी "गूगलवर नोंदवून देतो, इतके द्या" म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चहासुद्धा नको.

पाहुण्यांसाठी एक सवय लावून घ्या : पैसे घेण्याआधी व्हिडिओ कॉल. फोन हातात धरून तुळशीवृंदावनापासून मागच्या खाडीपर्यंत फिरवा आणि म्हणा, काय बघायचंय सांगा, तिकडे नेते. फोटो चोरता येतात, घर चोरून फिरवता येत नाही. फोटोंवर नाव छापून घ्या असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. घ्या हवं तर, पण कडा कापल्या की नाव जातं. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक पानावर लिहा, म्हणजे पाहुण्याला पर्यटन विभागाकडे विचारता येतं.

पाहुण्यांनाही दोन शब्द. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाला हात लावला की "या खात्याबद्दल" अशी माहिती उघडते : खातं कधी निघालं, कुठल्या देशातून चालतं, आधी किती नावं बदलली. फेसबुक पानाला "पेज ट्रान्सपरन्सी" असते, तीत जुनी नावं दिसतात. पण यापेक्षाही चांगली कसोटी आपल्या समुद्राकडे आहे. मागच्या पावसाळ्यात एकाने मला एक पान दाखवलं. जुलैमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कूबा, सोबत "ताजी ट्रॉलरची सुरमई", सगळ्याचं एकत्र पॅकेज! मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत आमच्याकडे किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. पान चालवणारा मालवणला कधी आलाच नव्हता. तेव्हा बुकिंग करताना भामट्याला न सुचणारा प्रश्न विचारा. त्या आठवड्यात होडी चालू आहे का, एसटी कुठवर येते, घरापासून तिठा किती लांब. खरा माणूस उत्तर देऊन वर दोन गोष्टी जास्तच सांगतो, गप्प करावं लागतं त्याला.

प्रश्न : पुण्यात राहतो. फेसबुकवरच्या जाहिरातीवरून "अस्सल देवगड हापूस"च्या दोन पेट्या मागवल्या. पानावर भौगोलिक मानांकनाचं चिन्हही होतं. पेट्या आल्या नाहीत, पान गायब.

चिन्हाचं चित्र डाउनलोड करता येतं हो. हापूसला मानांकन २०१८ साली मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. बागायतदार त्याखाली वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतात आणि त्याचं प्रमाणपत्र असतं. पुढच्या हंगामात ते मागा, आणि प्रमाणपत्रावरचं नाव व यूपीआयवर उमटणारं नाव एकच आहे का बघा. पैशांसाठी १९३०. पेटी आली पण आत भलताच आंबा निघाला तर तो ग्राहकाचा वाद, त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि पुण्यात कोकणातला एखादा तरी शेजारी असतोच, त्याच्या गावच्या माणसाकडून पेटी मागवा. महाग पडेल, पण येईल.

प्रश्न : माझ्याकडे सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आहे. एका मोठ्या शिपिंग कंपनीच्या नावाच्या फेसबुक पानाने निवड झाली म्हणून पत्र पाठवलं, आता "डॉक्युमेंट फी" चाळीस हजार मागतात. भाऊ म्हणतो खोटं आहे, आई म्हणते भर. (गुहागर तालुका)

भावाचं ऐक. बाबा रे, खलाशाकडून नोकरी लावण्याची फी घेताच येत नाही. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात तसं स्पष्ट आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी असा तुझा स्वतःचा कागदांचा खर्च तेवढा तुझा. भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत एजन्सी शोध, आणि फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर. पानावरच्या नंबरवर करून उपयोग नाही, तिथे "हो हो, आम्हीच" म्हणणारच.

तू लिंक पाठवलीस म्हणून मी त्या पानाची जुनी नावं उघडून बघितली. शिपिंग कंपनी होण्याआधी ते क्रिकेटच्या चाहत्यांचं पान होतं. तयार लाइक असलेली जुनी पानं अशीच विकत घेतात.

दाभोळ, खेड, चिपळूणकडून आखातात जाणाऱ्या मुलांसाठीही सांगून ठेवते. तिकडच्या भरतीला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला एजंट लागतो, आणि त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. त्याला घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. आईला हे वाचून दाखव. घरच्यांना मुलगा बोटीवर गेलेला बघायची घाई असते, आणि हे लोक त्यावरच जगतात.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. माझे फोटो वापरून कोणीतरी इन्स्टाग्रामवर माझ्या नावाचं खातं काढलंय. त्यावरून मुलांना घाणेरडे मेसेज जातात, माझा नंबरही टाकलाय. आता एक फोटो खराब करून टाकीन अशी धमकी आली. वर्गातल्या एकाचा संशय आहे. घरी सांगितलं तर फोन काढून घेतील. मैत्रीण म्हणते आपणही खोटं खातं उघडून त्याला पकडू. (रत्नागिरी)

आधी मैत्रिणीचा बेत रद्द. तुम्ही उघडलेलं खोटं खातं उद्या तुमच्याच विरुद्ध कागदावर येईल, आणि संशय चुकीचा निघाला तर एका निरपराध मुलाचं नाव गावभर होईल. संशय पोलिसांना सांग, ग्रुपवर नको.

खोट्या नावाचं खातं म्हणजे बेपत्ता माणसाचं खातं नव्हे, हे तुला ठाऊक असू दे. ते कुठल्या मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर उघडलं, कुठल्या इंटरनेट जोडणीवरून चाललं, याची नोंद कंपनीकडे असते आणि तपास अधिकारी ती मागवतो. खातं हटवलं तरी ही माहिती १८० दिवस जपून ठेवायचं बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातलं आहे. म्हणून खातं बंद पाडलं तर पुरावा संपला असं नाही, पण सहा महिने वाट बघत बसायचंही नाही. तुझ्या बाजूने तू लिंक, स्क्रीनशॉट आणि ज्या मुलांना मेसेज गेले त्यांच्या फोनमधलं संभाषण गोळा कर. त्या मुलांना मेसेज पुसू नका म्हणून सांग.

रिपोर्ट करताना "हा माझं सोंग घेतोय" हा पर्याय. धमकी आलेल्या फोटोसाठी स्टॉप एनसीआयआय डॉट ओआरजी नावाची सोय आहे, वय १८ पूर्ण असलेल्यांसाठी. फोटो तुझ्या फोनमधून कुठे जात नाही. त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि त्याच ठशाचा फोटो फेसबुक-इन्स्टाग्रामवर चढला तर तो अडवला जातो. यंत्राने बनवलेल्या नग्न चित्रालाही हे लागू आहे, पण चित्र तुझ्याकडे असावं लागतं. १८ च्या आतल्यांसाठी "टेक इट डाउन" नावाची तशीच दुसरी सोय आहे.

तक्रार सायबर पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात करता येते, तिथे नाव न देताही नोंद होते. पण तुझ्या बाबतीत मी नाव देऊन, पोलिस ठाण्यात जाऊन तक्रार करावी अशा मताची आहे, कारण धमकी आली आहे. "हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांग की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करतो, म्हणून निरीक्षकांनाच भेटायला माग. बतावणीची कलमं वर दिली आहेत. अश्लील मजकुरासाठी ६७ वं, आणि नेटवरून मुलीच्या मागे लागण्यासाठी न्याय संहितेचं ७८ वं.

राहिलं घरचं. बाय, फोन काढून घेतील ही भीती मला कळते, माझ्या काउंटरवर मुली हेच सांगतात. पण त्या मुलाची सगळी ताकद तुझ्या गप्प बसण्यात आहे. आईला जमत नसेल तर मावशीला, आत्याला, कॉलेजच्या बाईंना सांग. ठाण्यात जाताना बरोबर मोठं माणूस असू दे. आणि हे वाचणाऱ्या आईबापांनो, पोरीचा फोन काढून घेतल्याने खोटं खातं बंद होत नाही. फक्त ते कोण बघतंय हे तिला कळेनासं होतं.

प्रश्न : गणपतीच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं नाही म्हणून एक्सवर रेल्वेला टॅग करून तक्रार लिहिली, पीएनआर आणि मोबाइल नंबरसकट. पाच मिनिटांत "रेल्वे मदत केंद्रा"चा मेसेज, एक ॲप टाकायला सांगतात. (डोंबिवली)

टाकू नका. ते ॲप तुमचा पडदा त्यांना दाखवतं, मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तेच वाचतात. टाकलं असेल तर फोन विमान मोडवर टाका, ॲप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. कंपन्यांना टॅग केलेल्या तक्रारींवर ही खोटी मदत केंद्रं टपूनच असतात, बँका, गॅस, विमानं, सगळीकडे. पीएनआर आणि नंबर असलेली ती पोस्ट आधी पुसा. रेल्वेची मदत १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हे बऱ्याच चाकरमान्यांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. "आतून कन्फर्म करून देतो"वाले त्या गोंधळाचाच फायदा घेतात.

प्रश्न : चुलतभावाने व्हॉट्सॲपवर "चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड गेला, पाठव" म्हटलं. पाठवला, आणि माझं व्हॉट्सॲप बंद. (वेंगुर्ला)

तो चुलतभाऊ नव्हता, त्याचं खातं आधीच गेलं होतं. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका आणि स्वतःच्या नंबरने चालू करा. नवा कोड तुमच्याच सिमवर येईल, तो घातला की समोरचा बाहेर. त्याने आधीच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही आत राहत नाही. तोवर नातेवाइकांना साध्या फोनने कळवा. परत आत आलात की "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" चालू करून स्वतःचा पिन लावा.

प्रश्न : आमच्या वाडीचा रस्ता दोन वर्षांत दोनदा वाहून गेला. मला त्यावर लिहायचंय, पण ठेकेदार भावकीतला. दुसऱ्या नावाने खातं उघडलं तर ते खोटं खातं होईल का? (राजापूर तालुका)

या महिन्यातला मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न. टोपणनाव घेणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. गुन्हा होतो तो दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव, फोटो, ओळख घेतलीत तर, किंवा त्या आडून कोणाला फसवलंत तर. म्हणजे "राजापूरचा वाटसरू" चालेल. ठेकेदाराच्या नावाने खातं काढून त्याच्या तोंडी कबुलीजबाब घालाल तर तुम्ही त्या मास्तरांच्या भामट्याच्याच रांगेत. ग्रामपंचायतीचं चिन्ह किंवा "अधिकृत" हा शब्दही वापरू नका. फेसबुकच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे तिथे रोजच्या व्यवहारातलं नाव हवं, त्यामुळे टोपणनावाचं खातं कोणी तक्रार केली तर बंद पडू शकतं. इन्स्टाग्राम आणि एक्सवर तशी अट नाही.

टोपणनाव मानहानीच्या दाव्यातून वाचवत नाही. वर त्या मुलीला सांगितलं तेच इथेही : नोंद कंपनीकडे असते. तेव्हा "पैसे खाल्ले" असं लिहू नका. रस्ता कधी झाला, किती खर्च फलकावर लिहिला होता, कुठल्या पावसात गेला, एवढं फोटोसकट लिहा. आणि खरं सांगू का, वाडीत टोपणनाव आठवडाभरही टिकत नाही. दुसऱ्या पोस्टला तुमची काकीच विचारील, "रे, ह्या तूच लिवतंस मां?"

अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला की झालं. तो मात्र स्वतःच्या नावाने.